जबाबदार इसम

बालाघाटच्या अपंगाश्रमाचा नियम साधा होता: बाहेर राहणाऱ्या जबाबदार इसमाने सही केल्याशिवाय आतल्या कोणालाही सोडायचं नाही. ऑफिसमागच्या खोलीत एकटेच राहणारे सुपरिंटेंडंट गुणाकरराव अकरा वर्षं हा नियम सोवळ्यासारखा सांभाळत होते.

चौसष्ट साली डोमाजीचा मामा लामत्याहून आला आणि सही करून त्याला घेऊन गेला. महिन्याभराने डोमाजी कुबड्या टेकत परत आला.

"टेशनापाशी खोली घेतली, साहेब. खुर्च्या विणतो. आता मी बाहेरचा झालो. महागूले न्यायले आलो."

गुणाकररावांनी नियम दोनदा वाचला. त्यात पायांबद्दल काहीच नव्हतं.

पुढच्या सोमवारी आंधळा महागू आणखी एकाला न्यायला आला. डोळ्यांबद्दलही काही नव्हतं. मग दर सोमवारी आदल्या खेपेला सुटलेला येई आणि एक खाट रिकामी होई.

सगळ्यात शेवटी गेला प्रेमलाल. पुढच्या सोमवारी तोही दारात हजर.

"आता कोणाला न्यायला आलास? आत कोणी उरलं नाही," गुणाकरराव म्हणाले.

प्रेमलालने टाक दौतीत बुडवला.

"तुमी हाव ना, साहेब. सांगा, सही कुठी करू?"