शुक्रवारचं भारमान

लॅपटॉपचा भोंगा वाजला आणि अश्वजितच्या हातातला घास हातातच राहिला. कुठला तरी डबा पुन्हा कोसळला होता.

"जेवून तं घे," हरिदास म्हणाले.

"आलोच, बाबा."

तो आलाच नाही. वरण गार झालं. आर्वीतल्या त्या घराला आता याची सवय झाली होती.

अश्वजित मागच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी ट्रक पळवण्याचा एक जुना ऑनलाइन खेळ सांभाळायचा. मोबाइलवर कुणालाही फुकट खेळता येईल असा. त्याचे सर्व्हर दूर कुठेतरी क्लाउडमध्ये होते, कंटेनरच्या एका ग्रुपमध्ये. कंटेनरला तो घरी डबा म्हणायचा. एका डब्यात एक शर्यत. काही डबे तयार ठेवायचे, खेळाडू वाढले की आणखी उघडायचे, घटले की रिकामे झालेले बंद करायचे. किती, कधी, कुठे, हे सगळं ठरवून भरायचं काम त्याचं. पण डबे आता म्हातारे झाले होते. कधीही बसकण मारायचे, आणि मग भोंगा. अंघोळीत भोंगा, मयतीत भोंगा. मागच्या महिन्यात तो मेडिकलच्या दुकानात उभ्या उभ्या झोपला होता.

सोमवारी त्याची पुण्याची साहेब, सुरभी, हिचा फोन आला.

"खेळाच्या मालकांनी ठरवलंय. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ग्रुप रिकामा असेल तर कायमचा बंद. कुणी खेळत असेल तर करार आणखी वर्षभर."

"आणि माझं काय?"

"बंद झाला तर तुला नव्या टीममध्ये घेते. दिवसाचं काम, भोंगा नाही. चालू राहिला तर मात्र... तो जुना पसारा तुझ्याशिवाय कुणाला येतो?"

अश्वजितने आकडे पाहिले. बोटांवर मोजण्याइतके खेळाडू उरले होते आणि तेही गळत होते. फार दिवसांनी त्याला पोटभर जेवावंसं वाटलं.

"काऊन रे, आज लई खुशीत दिसून राह्यला?" हरिदासांनी विचारलं.

"खुशीत कायचा? खेळाडूच नाई उरले. शुक्रवारी सहाले आत कोनी नसलं तं बंद करते म्हणे."

"मंग तुहं काम?"

"हे काम जाईन."

नव्या टीमचं तो बोललाच नाही. ते सांगितलं असतं तर जुनं नको का वाटतं हेही सांगावं लागलं असतं. हरिदासांनी सारी नोकरी आर्वी डेपोत एसटी चालवली. पाठीला पट्टा बांधून चालवली, तापात चालवली. 'थकलो' म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती. आणि हा तर खुर्चीत बसून थकला होता. त्याची त्यालाच लाज वाटायची.

"म्हणजे भारमान नाई," हरिदास म्हणाले. गाडीत माणसं किती बसतात याला एसटीत भारमान म्हणतात. ते घटलं की डेपो फेरी बंद करतो. "पण एक जरी मानूस आत असला तं?"

"तं मंग त्याचा खेळ सरेपर्यंत डबा बंद नाई होत. सेटिंगच तशी हाय."

"बराबर हाय. शिटा घेऊन निघालेली गाडी मधातच सोडता येत नाई." मग त्यांना काही आठवलं. "माही बी एक फेरी बंद करनार होते. तवा त्या गावचे लोक..."

"बाबा, भोंगा वाजून राह्यला."

अश्वजित उठून गेला. हरिदास चपला घालून डेपोजवळच्या कडुलिंबाखाली गेले. तिथे त्यांचे जुने कंडक्टर डोमाजी आणि बाकीचे रिटायर ड्रायव्हर रोज दुपारी बसायचे.

आठवडाभर हरिदास चहाला उशिरा येत राहिले. बुधवारी त्यांनी दोन्ही अंगठ्यांना बाम चोळला. स्टिअरिंग धरून धरून बाबांचे हातही गेले, असं अश्वजितला वाटलं, आणि तो पुन्हा आकड्यांकडे वळला. दुपारी येणारे तीन-चार जण सोडले तर ग्रुप ओस होता. शुक्रवारी दुपारी तेही आले नाहीत. त्याने तयार डब्यांच्या रकान्यात शून्य भरलं. आज उशीला डोकं टेकायचं आणि ऊन तोंडावर येईपर्यंत उठायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

पाच वाजून गेल्यावर एक खेळाडू आला. डबा उघडला. मग दुसरा, तिसरा. बघता बघता डबा भरला.

अश्वजितने आत डोकावून पाहिलं. ट्रक एकामागे एक, डाव्या बाजूने, सावकाश चालले होते. प्रत्येक वळणावर हॉर्न. कुणी कुणाला ओव्हरटेक करत नव्हतं. शर्यतीत!

त्याने घाईने सुरभीला फोन लावला. "ही माणसं नाहीत. कुणीतरी मशीन लावून ठेवलंय. बाहेर काढतो."

"कशावरून?"

"अशी शिस्तीत कोण खेळतं?"

सुरभी हसली. "शिस्त हा काही गुन्हा नाही. काढू नकोस. आणि सहा वाजले बघ. अभिनंदन, अश्वजित! आणखी एक वर्ष."

त्याने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. रडू नको म्हटलं तरी डोळे ऐकेनात.

दार ढकलून हरिदास आत आले. त्यांच्यामागे डोमाजी, आणि डोमाजींच्या मागे कडुलिंबाखालचे सगळे. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. हरिदासांनी मुलाचे ओले डोळे पाहिले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"रडू नको, बावा. माही फेरी गाववाल्याइनं वाचवली होती, काम नसतानी गाडीत बसून बसून. तुही बंद होऊ देतो का आमी? आता रोज येत जाऊ."