पट्टीखालची विद्या

डोळ्यांवर काळी मखमली पट्टी बांधलेल्या आरोहीने हातातला कागद छातीशी धरला, हनुवटी किंचित उचलली आणि वाचले, "बेडूक हा उभयचर प्राणी आहे."

कळंबच्या त्या मंगल कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलांचा 'तिसरा डोळा' उघडून देणाऱ्या वर्गाचे उत्कर्ष सर हात जोडून उभे राहिले. जणू बेडूक त्यांनीच उभयचर केला होता.

आरोहीची आई गौरी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि नाकाशेजारच्या फटीतूनही जातो, हे तिला ठाऊक होते. पोरगी लबाडी करत नाही, हेही ठाऊक होते. हनुवटी उचलली की अक्षरे दिसतात आणि अक्षरे वाचली की टाळ्या पडतात, एवढा धडा आरोहीच्या मानेने परस्पर गिरवला होता. आरोहीला त्याची खबर नव्हती. खबर सभागृहालाही नव्हती, आणि तिथे तर कोणाच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती.

रविवारी हीच पट्टी बांधून आरोही ढोकी रस्त्यावर सायकल चालवणार होती. उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने जातात.

गौरी व्यासपीठावर चढली. "माझ्यासमोर एकदाच वाचू दे. नाही जमलं, तर सायकल रद्द. तात्या, कबूल?"

"व्हय, कबूल," तिचे सासरे तात्याराव पहिल्या रांगेतून गरजले. "माझी नात हाय ती. तुमचं फिजिक्स कॉलेजात ऱ्हाऊ द्या, सूनबाई."

गौरीने वर्गाचेच माहितीपत्रक आरोहीच्या नाकाखाली आडवे धरले आणि नवा कागद तिच्या हाती दिला.

हनुवटी वर गेली. आणखी वर गेली. मान अवघडेल इतकी वर गेली. ओठ हलले, शब्द आला नाही.

"दिसतंय का, बाळा?"

"नाही."

तात्याराव चपलांकडे पाहू लागले. गौरीला हायसे वाटले. पट्टी सोडायला तिने हात पुढे केला. उत्कर्ष सरांनी घसा खाकरला, पण त्यांच्याआधी आरोहीच बोलली, थेट त्यांच्याच संथ, क्षमाशील सुरात.

"आई, तुझ्या मनात शंका आहे ना, म्हणून बंद झालं."

हे तिला कोणीही शिकवले नव्हते. सर स्वतःच क्षणभर चकित झाले. मग त्यांनी माइक तिच्या तोंडाशी धरला.

"मोठ्यानं सांग, बेटा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तिने मोठ्याने सांगितले. या वेळी टाळ्या जास्त वाजल्या.

तात्याराव उठून गौरीजवळ आले आणि आवाज खाली आणून, समजुतीने म्हणाले, "सूनबाई, रविवारी तुम्ही रस्त्याकडं फिरकू नका. पोर पडंल."