रुमालाची घडी

आजी गेल्यापासून आजोबांनी काढलेले फोटो बिघडत होते. लेक उद्या परत जाणार होती आणि नातीचा चेहरा प्रत्येक प्रिंटमध्ये पांढराफटक. “बाबा, ही नात आहे की मैद्याचा गोळा?” लेक म्हणाली. “आई फ्लॅशवर रुमाल धरायची ना?” धरायची खरी. “फ्लॅशसुद्धा तुमच्यासारखाच, एकदम अंगावर येतो,” म्हणायची. रुमाल कपाटात होता, घडी तिच्याच हातची. ती मोडायला आजोबांचा हात धजेना. तेवढ्यात पाळण्यातून नात खिदळली. आजोबांनी घडी मोडली, रुमाल फ्लॅशवर बांधला आणि बटण दाबलं. संध्याकाळी फोटो धुवायच्या बंद खोलीत, लाल दिव्याखाली, रसायनाच्या ट्रेमधल्या कागदावर आधी डोळे उमटले, मग गुबगुबीत गाल, गालावरची खळीसुद्धा. “जमलं गं!” आजोबा ओरडले. “आवरलं आईने तुम्हाला!” लेक हसली. त्यांनी रुमालाची वेडीवाकडी घडी घातली आणि ती कपाटाऐवजी थेट कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली.