चार ठोक्यांचा फरक

मालनचा डावा हात डॉक्टरांनी धरला आणि उजवा सगुणेनं. मधे बाकावर मालन, आठवा महिना लागलेली, मुद्दाम नवं लुगडं नेसून आलेली.

"बाय गो," ती म्हणाली, "लग्नानपन माझे दोनी हात एकदम कोनी धरले नव्हते!"

दारात उभ्या असलेल्या आठ बायका फस्सकन हसल्या. त्यांची परीक्षा झाली होती आणि आठही जणी पास होत्या. प्रत्येकीच्या पायाशी पत्र्याची नवी कोरी पेटी होती: कात्री, दोरा, साबण, आयोडीनची बाटली. स्वराज्याला पाच वर्षं झाली होती आणि कल्याणच्या दवाखान्यातला हा पहिलाच दाईवर्ग होता.

टेबलावर एकच पेटी उरली होती, खाडीकाठच्या पाच गावांची. शेवटची उरलेली सगुणा पास झाली तर ती पेटी आज तिच्याबरोबर होडीतून जाणार होती, नाहीतर डॉक्टरांबरोबर ठाण्याला परत. पुढचा वर्ग कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्याच गावांतल्या मालनचं पोट काही थांबणार नव्हतं.

"आता बोलू नका," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवलं. "हं, नाडी मोजा. सुरू."

सहा महिने वर्ग शिकवणाऱ्या सरस्वती नर्सबाई समोर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

मिनिट भरलं.

"किती?"

"ऐंशी," सगुणा ठासून म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "चौऱ्याऐंशी. चारचा फरक आहे, बाई. एखाददुसरा असता तर सोडून दिला असता." त्यांनी पेन उचललं.

"अवो, तुमचंच चुकलं असंल!" मालन उसळली. "ही आगरान राशीपाशी उभी ऱ्हाते. दिसाला हजार पाट्या मीठ मोजते. एक पाटी चुकत नाय!"

"मीठ वेगळं आणि नाडी वेगळी."

"मी नाय चुकले," सगुणा म्हणाली. एवढंच. पण तिचा चेहरा उतरला होता.

सरस्वतीबाई पुढे आल्या. वर्गातही हिचा आकडा असाच तीनचारनं कमी यायचा. घाबरते, असं त्या समजायच्या. आज समोर उभ्या होत्या म्हणून त्यांना काहीतरी दिसलं होतं.

"साहेब, जरा थांबा. सगुणा, मोजताना तुझे ओठ मधेच थांबत होते. चार वेळा. का गं?"

"वीस झाले का थांबाचा."

"आणि तू थांबलीस तेव्हा ठोका पडला की नाही?"

"पडला ना. पन तो कसा मोजाचा? तो देवाचा."

डॉक्टरांनी सरस्वतीबाईंकडे पाहिलं, सरस्वतीबाईंनी डॉक्टरांकडे. दारातली गोदा मात्र एकदम ओरडली, "अगो बाय! देवाची पाटी!"

गोदाही मिठागरावरचीच. तिनं घाईघाईनं सांगितलं. वीस पाट्या राशीवर गेल्या की एकविसावी बाजूला ओतायची, देवाच्या नावानं. ती मोजायची नाही. वाटेनं जाणारा कुणीही ती उचलून नेतो.

सरस्वतीबाईंची बोटं भराभर चालली. चार विसे ऐंशी, आणि देवाचे चार. "चौऱ्याऐंशी! साहेब, चौऱ्याऐंशीच!" इतक्या मोठ्यानं बोलताना त्यांना वर्गात कुणीच ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. "मानलं. पण उद्या तापानं फणफणलेल्या बाळंतिणीची नाडी एकशे पाच असेल, आणि मला निरोप येईल शंभरचा. तो मला कसा चालेल? पुन्हा मोजा. सगळे ठोके."

सगुणेचा हात मागे आला. "देवाचा पन?"

"देवाचाही."

ती पेटीकडे बघत राहिली. परकर नेसायची तेव्हापासून ती राशीपाशी उभी होती. देवाच्या पाटीचा आकडा तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

मालननं आपलं मनगट तिच्यापुढे केलं. "बघतेस काय? नाडी माझी हाय ना? मंग देवाला काय सांगाचं ते मी सांगन. मोज सगली!"

डॉक्टरांनी मालनचं दुसरं मनगट धरलं आणि घड्याळ सरळ केलं.

सगुणेचे ओठ हलू लागले. लाभ, दोन, तीन. पहिल्याला एक न म्हणता लाभ म्हणायची सवय काही सुटली नाही. विसाला ओठ सवयीनं मिटू लागले. आणि मग "एकवीस" हा आकडा मोठ्यानं बाहेर पडला, सगळ्या खोलीला ऐकू गेला. दारात आठ बायकांनी एकदम सुस्कारा सोडला. सगुणा पुढे निघाली होती. बेचाळिसाला ती अडखळलीही नाही.

मिनिट भरलं. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला आणि वर तळहात ठेवला.

"किती?"

"शहाण्णव."

डॉक्टरांनी हात काढला. ९६.

बायकांनी असा गलका केला की बाहेर औषधासाठी बसलेली माणसं खिडकीशी गोळा झाली. डॉक्टर मात्र कपाळाला आठ्या घालून मालनकडे बघत होते.

"आत्ता तर चौऱ्याऐंशी होती. एवढ्यात वाढली कशी?"

"वाढंल नाय तं काय?" मालन म्हणाली. "माझी दाय अजून तुमच्या पेनान अडकलीय. लिवा ना बेगीन!"