लाकडी चमचा

केमोच्या खुर्चीत नवऱ्याने पेजेचा घास थुंकला. “सगळं लोखंडासारखं लागतंय गं.” डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले होते. विचारावं कुणाला, तिला कळेना.

शेजारच्या बाकावरच्या बाईंनी पिशवीतून लाकडी चमचा काढला. “स्टीलचा नको. ह्यानं भरवा, पेज गार करून.”

खरंच, अर्धी वाटी संपली. तिने हरखून विचारलं, “तुमचं कोण आहे इथं?”

“आता कुणी नाही. पण मंगळवार आला की पाय इकडेच वळतात.” बाई उठल्या. “चमचा राहू दे तुम्हाला.”

नळाखाली चमचा विसळताना तिच्या अंगठ्याला दांड्यावरच्या खुणा लागल्या. चावल्याच्या. इवल्या, दुधाच्या दातांच्या.

“अजून थोडी दे गं,” नवऱ्याने आपणहून मागितलं.

खुणांवर अंगठा घट्ट दाबून तिने चमचा त्याच्या तोंडाशी नेला.