राहिलेला नमस्कार

नाच झाला की जमिनीला वाकून नमस्कार करायचा, हे दीपाताई वणीच्या आपल्या क्लासमधल्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवी. "तिले इतका वेळ पायानं मारलं ना? मंग माफी मागा. तवाच नाच संपते."

गुरुवारी मात्र यवतमाळची एसटी सुटायला आली होती. ताईने घाईघाईत घुंगरू सोडले आणि स्वतःच नमस्कार न करता पळाली.

रविवारी सकाळी ती खुर्चीत बसून मुलींचा नाच बघत होती. त्यांच्या घुंगरांच्या गलक्यात कुणाचं तरी बिनघुंगरांचं पाऊल फरशीवर थापथाप वाजत होतं. लयीला पक्कं होतं, मुलींपैकी कुणाचंच नसावं इतकं.

"थांबा गं," ती म्हणाली.

मुली थांबल्या. ते पाऊल वाजतच राहिलं.

"खालच्या मजल्यावर कोनी ठोकून राह्यलं का, पाहून या बरं."

कुणीही जागची हलली नाही. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"मंग नमस्कार करा लवकर!" मुली वाकल्या. तीही वाकायला गेली, पण कंबर वाकेचना.

शेवटी धाकटी स्पृहा रडवेली होऊन म्हणाली, "ताई, तुमी बी थांबा ना आता. आमी आलो तवापासून नाचूनच राह्यल्या तुमी."

"मी तं बसून आहो ना, बाई," म्हणत ताईने आधाराला खुर्चीचा हात चाचपला.

खुर्ची पार पलीकडे भिंतीशी होती. तिच्यावर मुलींच्या पिशव्या सकाळपासून रचलेल्या होत्या.