टांकसाळीतले कामगार

फरशीवर रुपया पडला, गरागरा फिरला आणि हळूहळू आडवा झाला. खैरुन्निसा पुन्हा फोन लावून बघत होती.

"छापा!" शिफा ओरडली.

"हळू, बाळा. फोन येईल अब्बूंचा."

फोन येत नव्हता. तासाभरापूर्वी खालच्या शालनबाई जिन्यातूनच सांगून गेल्या होत्या, "तळवड्याला एहसानच्या शेडात प्रेसमधी कुणाची तरी बोटं गेली म्हनं. आमच्या ह्यांनी ऐकलं. नाव काय कळलं न्हाई बाई."

पत्रा दाबून आकार देणाऱ्या त्या प्रेसवर डाय, म्हणजे लोखंडी ठसा, बसवायचं काम तिच्या नवऱ्याचं, एहसानचं. आत जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. आधी रिंग वाजत राहिली, मग फोनच बंद लागायला लागला. शिफ्ट साडेतीनला सुटते. आता पाच वाजून गेले होते.

टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. शिफा शाळेत गेली की ती मुलांसाठीच्या इतिहासाच्या पुस्तकाचं भाषांतर करायची. पडद्यावर एक जुनं चित्र: दक्षिण अमेरिकेतली पोतोसीची टांकसाळ. दोन आफ्रिकी माणसं. एकानं ठसा धरलाय, दुसऱ्यानं घण उगारलाय. शेजारी तिचाच मजकूर: 'आफ्रिकेतून धरून आणलेली ही माणसं चांदी वितळवत, पट्ट्या कापत, नाणी पाडत. तिथंच जेवत, तिथंच निजत. दाराला बाहेरून कुलूप असे.' आणि चित्राखाली, सकाळी घाईत लिहिलेलं: 'टांकसाळीतले कामगार.' लिहिताना काही खटकलं नव्हतं. कारखान्यांच्या या भागात घण हातात घेईल तो कामगारच.

आता मात्र तिची नजर ठसा धरलेल्या बोटांवरून हलत नव्हती.

लॅचमध्ये किल्ली फिरली.

एहसान दारात उभा होता. खांद्याला डब्याची पिशवी.

"दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"हात."

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. ऑइलनं काळेकुट्ट. तिनं एकेक बोट दाबून बघितलं. दहा. पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं.

"माझ्या जोडीच्या विक्कीचं नख गेलं," तो म्हणाला. "बोट शाबूत आहे. त्याला दवाखान्यात नेलं, पट्टी केली, घरी सोडलं. बॅटरी संपली होती माझी. कुणी सांगितलं तुला?"

"शालनबाई. बोटं गेली म्हणाल्या."

"मग ती त्यांनीच कापली. प्रेसनं नाही."

ती हसायला लागली आणि हसता हसता चपलांच्या रॅकशेजारी मटकन खाली बसली. ओढणीनं डोळे पुसले, तरी हसू थांबेना.

"बरं, चहा टाकतेस का जरा?"

"तुम्हीच टाका. दहाच्या दहा आहेत."

तो हात धुऊन ओट्याशी गेला. घरात आल्याचा वास पसरला. शिफा खुर्चीवर गुडघे टेकून लॅपटॉपपुढे बसली होती. पडद्यावर बोट ठेवून ती एकेक अक्षर लावत होती.

"टां-क-सा-ळी-त-ले का-म-गा-र." तिनं मान वर केली. "अब्बूंसारखे?"

"नाही गं, ते..." खैरुन्निसा उठून जवळ आली आणि तिनं 'कामगार' या शब्दावर कर्सर नेला.

हातात गाळणी तशीच घेऊन एहसाननंही वाकून चित्र बघितलं. "ठसा धरणाऱ्याचं अवघड काम," तो म्हणाला. "सगळं दुसऱ्याच्या हातावर."

शिफानं चित्रातल्या दोघांकडे नीट पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"अम्मी, मग ह्यांची शिफ्ट कधी सुटते?"